बायांनी सांगून ठेवलं म्हणून…

महर्षी कर्व्यांचा धडा आपण सगळ्याजणींनी शाळेत वाचलेला असतो. हिंगण्याची झोपडी, रोजची चिखलातली पायपीट, १९१६ सालचं महिला विद्यापीठ आणि वयाची शंभरी गाठली त्या वर्षी, म्हणजे १९५८ साली मिळालेलं भारतरत्न. या धड्यात एक वाक्य हमखास असतं. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, एवढंच ते वाक्य. परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा'मध्येसुद्धा त्या विधवेचं नाव कुणी विचारत नाही.

तिला नाव होतं. एक नाही, चांगली तीन नावं होती. माहेरची गोदू, लग्नानंतरची आनंदी आणि घरादारात, हिंगण्यात, पुढे साऱ्या महाराष्ट्रात रूढ झालेलं नाव म्हणजे बाया. मैत्रिणींनो, आज या बाया कर्व्यांची गोष्ट सांगायची आहे. त्या थोर माणसाच्या बायको होत्या म्हणून नव्हे. दोन मोडलेल्या संसारांतून एक तिसरा संसार उभा राहिला, तर त्या घराच्या आठवणी कुणी, कशा जपायच्या, हा प्रश्न आजही आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. त्याचं उत्तर बायांच्या आयुष्यात सापडतं, असं मला वाटतं.

बाया मूळच्या रत्नागिरीकडच्या देवरूखच्या. जोश्यांच्या घरात १८६५च्या सुमारास जन्म. आठव्या वर्षी नातूंच्या घरात लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत गोदू विधवा झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे ती सासरी राहिली, राबली. वर्षामागून वर्षं गेली. केस गेले, रंगीत लुगडं गेलं, सणावाराला पुढे येण्याचा हक्क गेला. आपल्या आजी-पणजीच्या पिढीत अशा किती बायका स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात संपून गेल्या, त्यांची मोजदाद नाही.

गोदूचं नशीब एवढंच, की तिला नरहरपंत नावाचा भाऊ होता. हे नरहरपंत जोशी म्हणजे धोंडो केशव कर्व्यांचे मित्र. दोघे मुंबईत शिकले, दोघांनी एकत्र बिऱ्हाड केलं. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईला आणलं. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही आपली गोदू. विशी उलटून गेलेली बाई अक्षरं गिरवायला बसली. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं, त्याबरोबर तीही पुण्याला गेली.

मुंबईतल्या त्या एकत्र बिऱ्हाडात कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई होती आणि छोटा रघुनाथही होता. म्हणजे जिच्या जागी पुढे जायचं होतं, त्या बाईला गोदूने जवळून पाहिलेलं होतं. एकाच चुलीच्या आसपास दोघी वावरल्या होत्या. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. एरवी दुसरेपणावर आलेल्या बाईसमोर पहिली असते ती हार घातलेल्या फोटोतली, कधीही न चुकणारी, कधीही न चिडणारी. बायांच्या मनातली राधाबाई मात्र हाडामांसाची होती.

१८९१ साली राधाबाई गेली. त्याच वर्षी कर्वे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. वय तेहतीस, पदरात नऊ वर्षांचा मुलगा. त्या काळात तेहतिशीच्या बिजवराला दहा-बारा वर्षांची मुलगी सहज सांगून येई, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कर्व्यांनी ठरवलं, की लग्न करायचं तर विधवेशीच. गोदूच्या वडिलांची परवानगी मिळाली आणि ११ मार्च १८९३ला पुण्यात हा विवाह झाला. तारीख बघा. शारदा सदन उघडलं त्याला बरोबर चार वर्षं होत होती.

लग्न झालं आणि एक नवं घर उभं राहिलं. या घरात कोण कोण होतं? अकरा वर्षांचा रघुनाथ होता, ज्याने आई गमावून दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच्या मनात राधाबाई होती. बायांच्या बाजूने नातूंचं घर होतं, जिथे तिची उमेदीची वर्षं गेली. आणि या सगळ्यावर कायद्याची रेघ होती. १८५६च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली खरी, पण लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपत असे. जणू ती त्या घरची कधी नव्हतीच. कागदावरून नाव पुसलं गेलं तरी मनातून कसं पुसणार?

गावानेही कमी केलं नाही. कर्व्यांचं गाव दापोलीजवळचं मुरूड. नवं जोडपं तिथे गेलं तर गावाने बहिष्कार घातला. भावाने या दोघांना घरात घेतलं तर त्यालाही वाळीत टाकायचं, असा ठराव झाला. सख्ख्या आईला आपल्या लेकाला उघडपणे जवळ करता येईना. कोकणातल्या लहान गावात वाळीत पडणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. विहीर, वाट, लग्नकार्य, मयत, सगळीकडे माणूस एकटा पडतो.

पुढचा संसार सोपा नव्हताच. बायांना तीन मुलगे झाले. शंकर, दिनकर आणि भास्कर. थोरला रघुनाथ धरून चार. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि मग घरातला पैसा आणि वेळ तिकडे वाहू लागला. कर्व्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. बाहेरच्या जगाला तो त्याग वाटला. घरात बायांना प्रश्न पडला, की उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर पोरांना घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? एकदा विधवा होऊन काय भोगावं लागतं, हे जिने भोगलंय तीच बाई हा प्रश्न विचारू शकते. बाया हे मुकाट्याने सोसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या चिडल्या, भांडल्या, बोलल्या. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचं शिक्षणही घेतलं.

सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच होती. विधवांच्या त्या आश्रमात बायांना मानाने वावरता येत नव्हतं. आश्रम चालायचा तर सनातनी मंडळींचा विश्वास हवा, आणि पुनर्विवाह केलेली बाई तिथे दिसली तर आपल्या लेकी-सुनांना कुणी पाठवणार नाही, अशी भीती. नवऱ्याने विधवांसाठी काढलेल्या घरात जिने विधवेचं जिणं मोडून दाखवलं तिलाच दूर ठेवायचं! बायांना हे लागलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. तरीही पुढे त्याच आश्रमासाठी त्या दारोदार फिरल्या, पै-पैसा गोळा केला. राग आणि माया एकाच पदरात बांधून जगणं बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा विधवा, पदरात एक मुलगा. ती आश्रमात शिकली, तिथेच कामाला लागली. तिने पुन्हा लग्न केलं नाही. आश्रमाच्या कामासाठी पार अमेरिकेपर्यंत जाऊन आली. एकाच आईच्या पोटच्या दोघी. एकीने पुन्हा संसार मांडला, दुसरीने नाही. घर एकच.

आता माझ्या मुद्द्यावर येते. या घराच्या गोष्टी आपल्यापर्यंत कशा आल्या? कर्व्यांनी १९१५ साली 'आत्मवृत्त' लिहिलं. पार्वतीबाईंनी १९२८ साली 'माझी कहाणी' लिहिली. आणि १९४४ साली, म्हणजे ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, बायांचं 'माझे पुराण' आलं. ते पुस्तकरूपाने आणलं त्यांच्या धाकट्या सुनेने, कावेरीबाईंनी. सासूच्या आठवणी सुनेने जपाव्यात, याहून सुंदर गोष्ट कुठली? आपल्याकडे सासू बोलू लागली की सून पदर खोचून उठते आणि सून विचारू लागली की सासूला वाटतं ही उलटतपासणी करतेय. इथे एकीने सांगितलं आणि दुसरीने सांभाळलं.

या पुस्तकांची गंमत अशी, की माणसं तीच, घर तेच, पण प्रत्येकाचं घर वेगळं दिसतं. कर्व्यांच्या पुस्तकात संस्था कशी वाढली ते दिसतं. बायांच्या पुस्तकात ती वाढत असताना घरात काय आटत होतं ते दिसतं. नुसतं 'आत्मवृत्त' राहिलं असतं तर आपल्याला थोर पुरुष कळला असता, त्याचं घर कळलं नसतं. पुढे १९७२ साली वसंत कानेटकरांचं 'हिमालयाची सावली' रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यातली बयो प्रेक्षकांच्या काळजाला भिडली. थोर माणसाच्या सावलीतल्या बाईलाही बोलायचं असतं, हे बायांनी कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं.

यात एक रिकामी जागा मात्र राहिलीच. राधाबाईंनी काही लिहिलं नाही. ती नवऱ्याच्या पुस्तकातून दिसते तेवढीच. सासरी, मुंबईच्या बिऱ्हाडात, आजारपणात तिला काय वाटलं असेल ते तिच्याबरोबर गेलं. तिचा रघुनाथ मात्र १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला, पुढे गणिताचा प्राध्यापक झाला आणि १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्यभर लोकांच्या शिव्या खात राहिला. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेला. दिनकर फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. भास्कर आणि कावेरीबाई हिंगण्याच्या कामात राहिले. दिनकररावांच्या पत्नी म्हणजे इरावती कर्वे. भारतभरच्या नातेसंबंधांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यावर १९५३ साली ग्रंथ लिहिला. त्या विदुषीच्या सासरीच नात्यांचा केवढा गुंता होता! पुढे दिनकररावांनी आई आणि वडील दोघांच्याही आठवणी इंग्रजीत नेल्या आणि १९६३ साली त्या अमेरिकेत छापल्या गेल्या. त्यांनी वडिलांबरोबर आईचंही म्हणणं ठेवलं, हे मला विशेष वाटतं. बाया २९ नोव्हेंबर १९५० रोजी गेल्या. नंतर तीन वर्षांनी रघुनाथराव गेले. आणि १९६२ साली वयाच्या एकशेपाचव्या वर्षी अण्णा. माणसं गेली, पण सांगून गेली.

आता तुम्ही म्हणाल, ती पुण्याची शिकलेली माणसं. आमचं काय?

आमचं म्हणजे माझ्या भागाचं सांगते. महाडहून पोलादपूरला आलं की आंबेनळी घाट सुरू होतो आणि महाबळेश्वरपर्यंत चाळीसेक किलोमीटर वळणावळणाने चढत जातो. घाटाच्या कुशीतल्या वाड्यांमध्ये बचत गटाच्या निमित्ताने माझं जाणं-येणं असतं. इथल्या घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला. गिरणीत, गोदीत, आता कुणी ड्रायव्हर, कुणी वॉचमन. कुणाचं माणूस आजारपणात जातं, कुणाचं अपघातात. मागे राहिलेल्याचं दुसरं लग्न होतं. इकडची दोन, तिकडचं एक आणि मग झालेलं एक, अशी चार पोरं एका ताटात जेवतात. पुनर्विवाह पूर्वीही बऱ्याच समाजांत होते, त्याला पाट म्हणत, मोहतूर म्हणत. तेव्हा ही घरं काही आजची नाहीत. पण त्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही. विषय निघाला की घरातली मोठी माणसं दुसरंच बोलायला लागतात.

आमच्या गटात एक ताई आहेत. दुसरेपणावर आल्या तेव्हा घरात दोन मुली होत्या. त्यांनी काय करावं? पहिलीचा फोटो सासूने पेटीत ठेवला होता, तो काढून भिंतीवर लावला. पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालतात, ते त्या स्वतः सगळं रांधून करतात. आणि त्या दिवशी मुलींना त्यांच्या आईच्या माहेरच्या गोष्टी सांगतात. या गोष्टी त्यांना माहीत कशा? तर त्या मुलींच्या मामांकडे जाऊन त्यांनी विचारून आणल्या. मी हे ऐकलं तेव्हा मला बायांच्या घराची आठवण झाली. आपल्या परंपरेत अशी एक नवमी आहे, की जी सवाष्णपणी गेलेल्या बाईची आठवण ठेवते. नुसतं पान वाढून ती साजरी करायची की तिच्या मुलांना आई सांगायची, हे घरातल्या बाईच्या हातात असतं.

आठवणी जपायच्या म्हणजे नुसत्या भावना नव्हेत, मैत्रिणींनो. जुलै २०२१ मध्ये इकडे जो पाऊस झाला तो आम्ही विसरणं शक्य नाही. २२ जुलैला महाडच्या तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या, आंबेनळी घाटाचा रस्ता खचला. महाड शहरात घराघरांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर बायका चिखलातून भांडी काढत होत्या, धान्य काढत होत्या आणि मध्येच एखादी फोटोंचा लगदा हातात घेऊन बसून राहायची. भांडी पुन्हा आली, कपडे आले. फोटो नाही आले. ज्या घरात आई एका फोटोपुरतीच उरलेली असते, तिथे फोटो जाणं म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कुलवृत्तांत असतात, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या असतात, पण त्यांत मुख्यतः पुरुषांची वंशावळ. बाई तिथे कुणाची तरी पत्नी म्हणून एका ओळीत येते, आणि पुनर्विवाहाने आलेली तर बऱ्याचदा तेवढीही येत नाही. आता सरकारनेही थोडं पाऊल टाकलं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात आला. दाखल्यावर जन्मदात्या आईचं नाव राहील हे चांगलंच झालं. पण ज्या बाईने वाढवलं तिचं नाव कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो रकाना घरच्या वहीतच करावा लागणार.

म्हणून आमच्या गटात आम्ही एक साधी वही सुरू केली आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. हिशेबाच्या वहीसारखीच, फक्त हिशेब माणसांचा. त्यात घरातल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आणि गाव लिहायचं. पहिली, दुसरी असं न लिहिता फक्त कोण कधी या घरात आली ते लिहायचं. मुलांच्या पुढे सावत्र हा शब्द लिहायचा नाही, पण जन्म देणारी आई कोण आणि वडील कोण हे स्पष्ट लिहायचं, कारण खोटं लिहिलेली वही पुढे कुणालाच उपयोगी पडत नाही. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव आणि साल घालायचं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांकडे ठेवायचा, म्हणजे एका घरात पाणी शिरलं तरी दुसरीकडे राहील. शाळेचे दाखले, जुने फेरफार, वारसनोंदी यांतून विसरलेली नावं सापडतात, विशेषतः बायकांची. ती उतरवून घ्यायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विचारायचं. घरातल्या म्हाताऱ्या बाईला जेवणं आटोपल्यावर, भाजी निवडताना, हळूच विचारायचं. सांगणारीने राग सांगितला तर रागही लिहायचा. बायांचं पुराण आज वाचावंसं वाटतं ते त्यात नुसतं गोड नाही म्हणून. काही गोष्टी सांगायच्या नसतील तर आग्रह करू नये, आणि मुलं लहान असतील तर त्यांच्या वयाला पेलेल एवढंच सांगावं. पण गप्प बसल्याने मुलांना काही कळत नाही, हा आपला गैरसमज आहे. पोरं सगळं ओळखून असतात. त्यांना फक्त विचारायला दार सापडत नाही.

आमच्या वहीत आजवर अकरा घरं झाली आहेत. मागच्या बैठकीत एका सासूबाईंनी सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या सवतीचं नाव सांगितलं. घरात ते कुणालाच माहीत नव्हतं, नातवांनाही नाही. सून लिहीत होती. तिने नावाचं स्पेलिंग विचारावं तसं दोनदा विचारून घेतलं, वेलांटी पहिली की दुसरी, आणि मग नीट, वळणदार अक्षरात ते नाव वहीत लिहिलं.